सुधारून वाढवलेली पहिली आवृत्ती

अप्पांच्या तळघराचा जिना उतरताना डोकं सांभाळावं लागतं. शेवटून तिसऱ्या पायरीवर एक तुळई आडवी येते आणि तिच्यावर खडूने '१ ते ४' असं लिहिलेलं आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, काहीतरी वेळापत्रक असेल. डोकं आपटलं आणि खालून आवाज आला, "चार बाजूंचा फासा टाक. आकडा पडेल तेवढं लागलं."

मला तीन लागलं. खेळातलं माझं पात्र त्या वेळी तयारही नव्हतं. तासाभराने तयार झालं तेव्हा तो जादूगार निघाला आणि त्याची एकूण जीवनशक्ती, म्हणजे हिट पॉइंट, दोन. जिना उतरतानाच मी मेलो असतो.

अप्पा हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. ते विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीजवळच्या एका गावात, नगरपालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले जर्मन वंशाचे अमेरिकन गृहस्थ आहेत. सहा फूट उंच, एके काळी लाल असलेली दाढी आता चुलीतल्या राखेच्या रंगाची. पण टिळक पंचांग सोडून दुसऱ्या पंचांगाने एकादशी करणाऱ्या घरी चहासुद्धा न घेणारे आमचे रत्नागिरीचे अप्पाकाका मला या माणसात पहिल्याच दिवशी दिसले, आणि तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात अप्पाच म्हणतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण माझ्या डोक्यात त्यांच्याशी अहो-जाहोच चालतं.

ऑफिसातल्या एकाने विचारलं होतं, "शनिवारी खेळायला येतोस?" मला वाटलं पत्ते असतील, म्हणून डबाभर चिवडा घेऊन गेलो. खेळ निघाला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. हा कसा खेळतात ते सांगायला सोपं आहे. कीर्तनकाराने आख्यान ऐन रंगात आल्यावर थांबावं, पहिल्या रांगेतल्या श्रोत्याकडे बोट करावं आणि विचारावं, "वाघ समोर उभा आहे. तू काय करतोस?" श्रोत्याने म्हणावं, "झाडावर चढतो." बुवांनी म्हणावं, "टाक फासा." फासा बरा पडला तर झाड, नाहीतर वाघ. बुवांना इथे डंजन मास्टर म्हणतात. पट लागत नाही, जिंकणं-हरणं नाही, आणि आख्यान चार चार वर्षं संपत नाही.

हा खेळ अप्पांच्या घरापासून तासाभरावर असलेल्या लेक जिनीव्हा गावातून निघाला. विम्याची नोकरी गेल्यावर घरी बूट दुरुस्त करणारे गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातले डेव्ह अर्नसन या दोघांनी तो रचला. १९७४ साली लाकडी नक्षीच्या छापाच्या तपकिरी खोक्यात तीन पातळ पुस्तिका घालून पहिल्या हजार प्रती निघाल्या. अप्पा तेव्हा दहा वर्षांचे होते आणि त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. पण आज ते 'आम्ही तेव्हा' असंच म्हणतात. आळंदीला राहणाऱ्याला ज्ञानेश्वरांबद्दल जसं शेजाऱ्यासारखं वाटतं, तसं त्यांचं लेक जिनीव्हाबद्दल आहे.

या पंथात अप्पांसारख्यांना एक खास शब्द आहे: ग्रॉग्नार्ड. मूळ फ्रेंच. नेपोलियनच्या जुन्या पलटणीतले शिपाई, जे लढायचे उत्तम पण रोज कशावरून ना कशावरून पुटपुटत राहायचे, त्यांचं हे नाव. आपल्याकडे 'कुरकुऱ्या' म्हणता आलं असतं, पण तो शब्द आता पुडीत मिळतो. ग्रॉग्नार्डला हे नाव ठेवलं की राग येत नाही, तो खूश होतो. अप्पांच्या चहाच्या मगावर ते छापलेलं आहे.

अप्पांच्या मते या खेळाचा इतिहास म्हणजे उतरती भाजणी. आणि गंमत अशी, की उतरती भाजणी हाच अप्पांच्या प्रेमाचा विषय आहे.

ते असं. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं चिलखत चांगलं. अंगावर काहीच नसेल तर दहा. लोखंडी पत्र्याचं चिलखत आणि हातात ढाल असेल तर दोन. त्यात जादूची भर पडली की शून्य, मग उणे एक, उणे दोन, असं थेट उणे दहापर्यंत. मी म्हटलं, "चांगली गोष्ट आहे तर आकडा वाढायला नको का?" अप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "रेल्वेचा पहिला वर्ग चांगला की दुसरा?" मी गप्प बसलो. उणे तिसरा वर्ग कुठल्या गाडीला असतो, हे विचारायचं मला रात्री अंथरुणात पडल्यावर सुचलं.

या उलट्या चिलखतावर वार करण्यासाठी 'थॅको' नावाचं गणित आहे. शून्य चिलखतावर वार लागायला तुम्हाला किती पडायला हवं तो आकडा घ्या, त्यातून समोरच्याचं चिलखत वजा करा, आणि वीस बाजूंच्या फाशावर तेवढं किंवा जास्त पाडा. समोरच्याचं चिलखत उणे तीन असेल तर उणे वजा करायचं, म्हणजे अधिक. ड्रॅगन तोंड उघडून उभा आहे आणि पाच मोठी माणसं बोटं मोजताहेत, असं दृश्य त्यामुळे वारंवार दिसायचं. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने हे सरळ केलं. चिलखत वर चढायला लागलं, वजाबाकी गेली आणि तिच्या जागी बेरीज आली. नवी पोरं आता 'थॅको' शब्द आला की हसतात, आपण टाइपरायटरला हसतो तसं.

मी हुशारी करून अप्पांना म्हटलं, "थॅकोच बरा होता, नाही?" त्यांची मर्जी संपादन करायचा तो प्रयत्न होता.

"थॅको?" अप्पा म्हणाले. "ती एकोणनव्वदची थेरं."

म्हणजे जगाला जे जुनाट वाटतं ते अप्पांना उथळ नवं वाटतं. थॅको घरोघरी नेला तो १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने. अप्पा त्याच्याही आधीचे तक्ते वापरतात. पात्राच्या पेशानुसार वेगळा तक्ता, प्लॅस्टिकमध्ये बसवलेला, कोपऱ्यावर चीजचा डाग. वजाबाकी करायची नाही, बोट ठेवून आडवं-उभं बघायचं. आमचे अप्पाकाका कोष्टकात राहुकाळ बघताना असंच बोट ठेवायचे आणि असेच कोणाला मध्ये बोलू द्यायचे नाहीत.

दुसऱ्या आवृत्तीवर त्यांचा राग वेगळ्याच कारणाने आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ओरड झाली होती, की हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो. अप्पांच्या आईही चर्चमधून तसंच काहीतरी ऐकून आल्या आणि त्यांनी पुस्तकं उचलून गॅरेजमध्ये नेऊन टाकली. दुसरी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात मारेकऱ्याचा पेशा गायब होता, आणि नरकातल्या मंडळींना पुढे 'बाटेझू' आणि 'तनारी' अशी नवी नावं मिळाली. अप्पांनी आईला केव्हाच क्षमा केली आहे. खेळ काढणाऱ्या कंपनीला नाही. "आई घाबरली, समजू शकतो. पण सैतानाने घाबरून नाव का बदलावं?"

नवी आवृत्ती काढताना काय होऊ शकतं याचा त्यांचा लाडका पुरावा मात्र दुसराच आहे आणि तो दाखवल्याशिवाय ते पाहुण्याला वर जाऊ देत नाहीत. १९९४ च्या सुमाराला जादूच्या वस्तूंचा एक जाडजूड कोश निघाला. त्यात जादूगाराचा जुना शब्द 'मेज' काढून सगळीकडे 'विझर्ड' घालायचं ठरलं. कोणीतरी संगणकाला तशी आज्ञा दिली. संगणकाने ती पाळली. परिणामी 'डॅमेज' शब्दातलाही मेज गेला आणि तलवारींनी शत्रूचं 'डॅविझर्ड' व्हायला लागलं. ते तसंच छापून आलं. उद्या कोणी मराठी पुस्तकात 'काका'च्या जागी 'चुलते' घालायची आज्ञा संगणकाला दिली, तर पिंजऱ्यात चुलतेकुवा बसेल. अप्पा ते पान उघडतात, बोट ठेवतात आणि बोलत काहीच नाहीत. खटला जिंकलेल्या वकिलासारखे नुसते मागे टेकतात.

तिसऱ्या आवृत्तीबद्दल ते दोन वाक्यं बोलतात. २००३ साली तिचीच डागडुजी करून जी आणली तिचा क्रमांक साडेतीन, तिच्याबद्दल अर्धं. (आवृत्तीला साडेतीन नंबर देणारी माणसं मला मात्र एकदम आपली वाटली. आपले मुहूर्त साडेतीन, पीठं साडेतीन, शहाणेही साडेतीनच.) २००८ च्या चौथीचा विषय निघाला तर अप्पा बोलत नाहीत. उठून फ्रीज उघडतात आणि आत बघत उभे राहतात.

त्यांचे फासे हा एक वेगळाच प्रकार आहे. अगदी सुरुवातीचे वीस बाजूंचे फासे मऊ प्लॅस्टिकचे होते. त्यांच्यावर शून्य ते नऊ आकडे दोनदा असत, आणि कोरलेल्या आकड्यांत मेणाचा खडू आपला आपण घासून भरावा लागे. अप्पांचा फासा इतकी वर्षं घरंगळून कोपरे झिजलेला आहे. तो आता फासा नाही, गोटी आहे. टाकला की थांबत नाही. एकदा टेबलावरून निघाला, माझ्या चिवड्याच्या ताटलीत शिरला आणि शेंगदाण्यांत दिसेनासा झाला. सहा प्रौढ पुरुषांनी चिवडा निवडला. सापडला तेव्हा वर कोणता आकडा होता यावर वीस मिनिटं वाद झाला, कारण काढताना तो उलटला असण्याची शक्यता होती. शेवटी अप्पांनी निर्णय दिला, "हळदीचा डाग पडलाय ती बाजू खालची." आणि माझा दुसरा जादूगार मेला.

भारतीय म्हणून तिथे माझा एक विशेष उपयोग होता. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे. आपलाच, नावासकट. पण तोंड वाघाचं, अंगावर साहेबी कपडे आणि हातात ओढायचा पाइप. अप्पांनी ते चित्र माझ्यापुढे सरकवलं. "हा तुमच्याकडचा. बरोबर काढलाय ना?" मी निरखून बघितलं. तो आमच्या रत्नागिरीतल्या एका निवृत्त मामलेदारांसारखा दिसत होता, पण ते सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, रावणाला दहा तोंडं होती आणि वाघाचं त्यातलं एकही नव्हतं. अप्पांनी वाचून दाखवलं, की याच्यावर मंत्र फारसे चालत नाहीत आणि पवित्र केलेला क्रॉसबोचा बाण लागला तर हा जागीच मरतो. मी म्हटलं, हे कुठल्या पुराणात आहे? पुढे कळलं की त्या बाणाचं पुराण म्हणजे १९७४ ची एक अमेरिकन भुताखेतांची टीव्ही मालिका.

पुढच्या आवृत्त्यांनी तो बाण बोथट करत नेला. आताच्या नियमांत राक्षस नुसत्या एका बाणाने जागच्या जागी मरत नाही. यावर अप्पा जे पेटले ते बघण्यासारखं होतं. "तुमची हजारो वर्षांची परंपरा आणि हे लोक एका फटक्यात बदलतात! तुला काहीच वाटत नाही?" त्यांच्या डोळ्यांत माझ्या संस्कृतीबद्दल इतकी कळकळ होती, की ती परंपरा टीव्हीवरची आहे हे सांगायचा मला धीर झाला नाही. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "वाईट झालं खरं."

पाचव्या आवृत्तीच्या वेळी कंपनीने वेगळी चाल खेळली. २०१२ पासून कच्चे नियम लोकांना वाटले आणि मतं मागवली. आवृत्ती २०१४ मध्ये आली. २०२२ पासून पुन्हा तेच, आणि खेळाच्या पन्नासाव्या वर्षी, २०२४ मध्ये, सुधारित पुस्तक. प्रत्येक कच्च्या नियमापुढे पर्याय: समाधानी, असमाधानी वगैरे. अप्पांनी एकही प्रश्नावली सोडली नाही. आधी चार दिवस नियम वाचायचे, पेन्सिलीने खुणा करायच्या, मग संगणकासमोर बसून प्रत्येक ओळीला 'अत्यंत असमाधानी'. एका नियमावर ते हो-हो करत हसले होते, म्हणाले होते की हे चांगलं केलंय. त्यालाही 'अत्यंत असमाधानी'. मी विचारलं तर म्हणाले, "एकदा समाधानी म्हटलं की त्यांना सवय लागते."

नव्या पुस्तकात 'वंश' शब्द जाऊन 'प्रजाती' आला, अंगभूत गुणांची वाढ आता वंशावरून नाही तर पात्राच्या पूर्वायुष्यावरून मिळते, यावर तरी अप्पा घर डोक्यावर घेतील म्हणून आम्ही सगळे जय्यत तयारीत होतो. काहीच झालं नाही. उलट ते म्हणाले की जुन्या पुस्तकांत काही वंशांना ठरावीक पातळीच्या वर चढूच द्यायचे नाहीत आणि बायकांच्या पात्रांच्या ताकदीला पुरुषांपेक्षा खालची मर्यादा होती, तो शुद्ध गाढवपणा होता. "मी ते त्र्याऐंशी सालीच काढून टाकलं."

"काढून टाकलं म्हणजे?"

अप्पा जरा घुटमळले. मग कपाटातून काळं फाइल-बाड आलं. कण्यावर लिहिलं होतं: 'पहिली आवृत्ती'. आत साडेचारशे पानं. खालची टाइपरायटरवरची, त्यांच्यावर ठिपक्याठिपक्यांच्या प्रिंटरची, सगळ्यात वर इंकजेटची. कडेने बघितलं तर डोंगराच्या कापलेल्या दरडीसारखे थर दिसत होते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख. कुठे 'रद्द', कुठे 'रद्द केलेलं रद्द'. चाळीस वर्षं आम्ही, म्हणजे ते, जी पवित्र मूळ पोथी म्हणून खेळत होते, ती ही होती.

मी घरी जाऊन मूळ तीन पुस्तिका मिळवल्या. २०१३ मध्ये त्यांचं पुनर्मुद्रण झालेलं आहे. वाचायला बसलो आणि दोन तासांत डोकं धरलं. रानावनातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीचा 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाचा खेळ विकत घ्या आणि त्याचा पट वापरा, असं त्यात लिहिलंय. लढाई कशी करायची? त्यासाठी १९७१ चं 'चेनमेल' नावाचं वेगळं पुस्तक बघा. आणि ज्यावर पुढची पन्नास वर्षं उभी राहिली, अप्पांच्या प्लॅस्टिकमधले तक्ते ज्याच्या पोटी जन्मले, ती वीस बाजूंच्या फाशाची पद्धत? तिच्यावर मथळा आहे 'पर्यायी पद्धत'. म्हणजे वाटलं तर वापरा.

पुढच्या शनिवारी मी ते पान अप्पांपुढे ठेवलं. माझा हेतू शुद्ध नव्हता, हे कबूल करतो. दोन जादूगार गेले होते.

अप्पांनी पान वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मूळ लेखकांना जे म्हणायचं होतं ते त्यांना नीट लिहिता आलं नाही. ते मी लिहिलंय."

यावर खो-खो हसण्याचा आवाज आला तो कोपऱ्यातून. तिथे बसतात त्यांना मी भाऊ म्हणतो. १९८६ पासून याच तळघरात, याच खुर्चीत, एकच पुरोहित घेऊन ते खेळताहेत. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, स्वतःची बिअर स्वतः आणणारे. भाऊंनी पिशवीतून पिवळ्या पडलेल्या झेरॉक्स पानांचा गठ्ठा काढला. अप्पांच्याच बाडाची १९९१ सालची प्रत. त्यानंतरचं एकही पान भाऊ मानत नाहीत. "तेव्हा हा माणूस ताळ्यावर होता," ते मला म्हणाले, अप्पांकडे बोट दाखवून.

खरा प्रसंग घडला तो याच फेब्रुवारीत. बाहेर गुडघाभर बर्फ. आमची मंडळी एका भुयारात, दोरीला लटकलेली. खाली दहा फुटी चौकोनी बोळ आणि त्यातून सरकत येणारा जिलेटिनचा घन. हा या खेळातला प्राणी बरोबर दहा फूट लांब-रुंद-उंच असतो आणि बोळात बरोबर बसतो. पारदर्शक जेलीसारखा, वाटेत येईल ते पचवत जाणारा. तो जवळ आला. आधी कोणाची पाळी, ते ठरवायची वेळ आली. अप्पांनी स्टेपल केलेली ताजी चार-चार पानं सगळ्यांना वाटली.

"पाळीसाठी आता सहाऐवजी दहा बाजूंचा फासा," ते म्हणाले. "सुधारणा आहे."

भाऊंनी पानं हातात घेतली नाहीत. आपला गठ्ठा उघडला, बोट ठेवलं. "सहा बाजूंचा. पान ११२."

"ते रद्द झालंय."

"कोणी केलं?"

"मी केलं."

"मग तुम्ही कंपनी झालात."

तळघरात भट्टीचा आवाज तेवढा राहिला. मी चिवड्याचा घास तोंडात तसाच धरला होता, कारण चावला असता तर ऐकू गेलं असतं. अप्पांचे कान आधी लाल झाले, मग कपाळ. ते उठले. मला वाटलं, फ्रीजकडे जातील. पण ते जिना चढून वर गेले, तुळईला डोकं लागलं तरी थांबले नाहीत. वरून प्रिंटरची घरघर ऐकू आली.

खाली आले तेव्हा त्यांच्या हातात कागदाच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीवर नव्या पानांतले अकरा नियम आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी, 'अत्यंत समाधानी'पासून 'अत्यंत असमाधानी'पर्यंत. खाली 'इतर सूचना' म्हणून तीन रेघा. "नावं लिहू नका," अप्पा म्हणाले. आम्ही सहा जण होतो आणि प्रत्येकाचं अक्षर त्यांना पाठ होतं.

भाऊंनी खिशातून पेन काढलं. पट्टी गुडघ्यावर ठेवून, न वाचता, वरून खालपर्यंत शेवटच्या रकान्यात अकरा फुल्या मारल्या. मग इतर सूचनांच्या तीन रेघा भरल्या, कागद उलटवला आणि मागेही लिहायला लागले.

मतमोजणी अजून चालू आहे. अप्पा म्हणतात, घाईने निर्णय घेणं बरं नाही. माझा तिसरा जादूगार दोन हिट पॉइंट घेऊन दोरीला लटकलेला आहे, आणि खालचा घन तीन शनिवारांपासून पाळीची वाट बघतो आहे.